‘शार्प’ म्हणजे काय?

ती मला एकदाच भेटली, बांद्याच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी तपासल्यावर औषधाच्या बाटलीची वाट बघत ती माझ्या शेजारी बाकावर बसली होती. पदराचं टोक सारखं बोटाला गुंडाळत होती.

“डॉक्टरान इचारल्यान, शार्प दुखता काय? शार्प म्हणजे काय गो बाय?”

“सुरी खुपसल्यासारखा,” मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. “बरा झाला, मी नाय म्हटलंय. सुरीचा नाव काढल्यान, म्हणजे पोट कापतलो.”

“पण तसाच दुखता काय?”

तिने माझा हात घट्ट धरला. तळवा गार पडला होता. “होय,” ती पुटपुटली.

मी डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी पुन्हा तपासलं आणि तिला मोठ्या इस्पितळात न्यायला जीप मागवली. जीपमध्ये चढताना ती वळून मला म्हणाली, “आता मोठ्या डॉक्टराक शार्प नाय म्हणान सांगलंय, तर चालात मां गो?”