विजयमालाचं फाटक

दौंड-बारामती लाईनवरच्या आमच्या फाटकाला लागूनच माझं पंक्चरचं दुकान, त्यामुळे विजयमालाची नोकरी मी पहिल्या दिवसापासून बघतोय. काटेवाडीची ही मुलगी जोतीरामतात्यांची सून म्हणून गावात आली, परीक्षा दिली आणि नेमकी सासरच्याच फाटकावर गेटमन झाली. तात्यांना ते रुचलं नाही. "तुझ्या फाटकापायी माझा ऊस एकदा जरी रखडला, तर नोकरी सोडायची," असं त्यांनी चारचौघांत बजावलं. नोकरी तिला जिवापाड हवी होती.

लोकांना वाटायचं, फाटक तिच्या मर्जीवर चालतं. मी सांगून दमलो, की बाबांनो, दांड्या पुऱ्या खाली येऊन कुलूप बसल्याशिवाय गाडीला हिरवा सिग्नल मिळत नाही, आणि तो मिळाला की गाडी जाईपर्यंत फाटक उघडायची किल्लीच निघत नाही. पण ऐकतो कोण! हंगामात ज्याला त्याला कारखान्यावरचा आपला नंबर दिसतो.

यंदा एका दुपारी पॅसेंजर येत असल्याचा स्टेशनवरून फोन आला. विजयमाला दांड्या खाली सोडू लागली, तेवढ्यात तात्यांनी घाईघाईनं डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर आत घातला. ट्रॅक्टर गेला, पुढची ट्रॉली गेली, मागची मात्र उसासकट रुळांवर राहिली. दोन ट्रॉल्यांमधली पिन हरवली म्हणून तात्यांनी तिथं नांगराचा बोल्ट ठोकला होता. तो मोडला आणि ट्रॉलीचा दांडा रुळांमध्ये रुतला.

विजयमालाने फोन उचलला. "साहेब, फाटक लागत न्हाय. रुळावर ट्रॉली हाय." फाटक उघडं, म्हणजे सिग्नल लालच. तरी लाल झेंडी घेऊन गाडीच्या दिशेनं पळायचं, हा तिचा नियम. पळता पळता मला ओरडली, "अय्युबभाई, माणसं लावा! ट्रॉली रिकामी करा!"

"आगं, ऊस मातीत घालती व्हय?" तात्या कळवळले.

"मोळ्या फेका, तात्या!"

सुनेनं सासऱ्यावर असा आवाज चढवलेला मी जन्मात ऐकला नव्हता. आणि खरं सांगतो, सगळ्यांत आधी ट्रॉलीवर चढले ते तात्याच. खोळंबलेले ट्रॅक्टरवाले धावले, मीही टायर टाकून धावलो. तिकडं पॅसेंजर सिग्नलपाशी शिट्ट्या मारत उभी होती, इकडं मोळ्या उडत होत्या. शेवटी सगळ्यांनी खांदा लावून ट्रॉली रुळांबाहेर ढकलली. विजयमाला धापा टाकत परत आली, रूळ नीट निरखले, दांड्या पाडल्या, किल्ली फिरवून स्टेशनला कळवलं. सिग्नल हिरवा झाला.

एवढ्यात मागच्या ट्रॅक्टरवरचा मुजफ्फर म्हणाला, "तात्या, गाडी लांब हाय अजून. सुनेला सांगा की, आमाला तेवढं सोड म्हणावं."

"गाडी गेल्याबिगर ह्ये फाटक माझ्या बापालाबी उघडायचं न्हाय!" तात्या कडाडले आणि ऐटीत दांडीला रेलले.

"तात्या, दांडीला टेकू नका," विजयमालाने हिरवी झेंडी धरून दटावलं. "मागं व्हा!"

तात्यांनी आधी सुनेकडं पाहिलं, मग आमच्याकडं. छाती काढून ओरडले, "ऐकलं का रं? माझी सून मागं व्हा म्हणती!" आणि धडधडत आलेल्या गाडीसमोर आम्हा सगळ्यांना दोन्ही हातांनी मागं रेटू लागले.