खाणीच्या तोंडाशी

आमच्या घरासमोरचा रस्ता खणताहेत. ह्यूस्टनच्या बाजूचं हे गाव, शुगर लँड; इथलं ऊन असं चिकट की सदरा अंग सोडत नाही. पाण्याचा पाइप फुटला म्हणून माणसांनी पुरुषभर खड्डा केला आणि सकाळी दार उघडताच मला तो वास आला. वरच्या मातीचा वास सगळ्यांच्या ओळखीचा असतो. हा तो नव्हे. ज्या मातीनं कधी ऊन पाहिलं नाही तिचा हा वास, गार, लोखंडासारखा, जिभेवर बसणारा. सून आतून म्हणाली, "बाबा, दार लावा ना, एसी चालू आहे." मी दार लावलं. पण वास आत येऊन बसला होता, आणि त्याच्यामागोमाग गेल्या हिवाळ्यातला तो डोंगरही.

मी चौथीपर्यंत शाळा पाहिलेला माणूस. भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या खाणीत जन्म काढला. दगडात भोकं पाडायचं मशीन धरून धरून उजव्या हाताची बोटं केव्हाच मेली. चहाचा कप धरला तर तो गरम आहे हे मला तोंडाला लावल्यावर कळतं. त्याचं दुःख नाही, कामाचा तो भाग आहे. पोरगा मोठा झाला तेव्हा साहेबानं मला बोलावून सांगितलं, तुझ्या जागी त्याला लावून घेतो. वस्तीतली माणसं अशा नोकरीसाठी पाया पडत. मी तिथल्या तिथं नाही म्हणालो. माझ्या रक्ताचं कोणी खाली उतरणार नाही, अशी शपथच घातली होती मी स्वतःला. पोराला कधी खाणीच्या फाटकापर्यंतसुद्धा येऊ दिलं नाही. लोक म्हणाले, माजलाय. म्हणोत. पोरगा शिकला, इंजिनियर झाला, इथं तेलाच्या कंपनीत लागला, आणि त्याची आई गेल्यावर मला घेऊन आला.

तर हिवाळ्यात त्यानं कोलोरॅडोच्या डोंगरात नेलं. टेक्सासची माणसं बर्फ पाहायला तिकडं जातात, दोन दिवस ड्राइव्ह करत. गाव कसलं, रंगीत डबीच. लाकडी घरं, दिव्यांच्या माळा, खांद्यावर बर्फात घसरायच्या लांब फळ्या घेऊन चाललेली गोरी माणसं. चौकात एक पाटी होती, ती पोरानं मला मराठीत वाचून दाखवली. इथं चांदी सापडली होती. माणसं धावत आली, जंगल तोडलं, चर्च बांधलं, नाटकघर बांधलं, दारूची दुकानं तर किती. मग चांदीचा भाव पडला आणि गाव एका हिवाळ्यात रिकामं झालं. ज्यांना जायला जागा नव्हती ती चार घरं तेवढी राहिली, खाणीतलं उरलंसुरलं खरवडत. पुढं कोणा हौशी माणसाला वाटलं, हा उतार घसरायला बरा आहे. त्यानं तारेवरचे पाळणे लावले आणि गाव पुन्हा भरलं. पहिल्यांनी डोंगराचं पोट पाहिलं, दुसऱ्यांनी पाठ. खाणकामगारांच्या ज्या झोपड्यांत वारा शिरायचा, त्यात आता लाखालाखाचं भाडं देणारे पाहुणे उतरतात.

गावाच्या टोकाला जुनी खाण ठेवली आहे, तिकीट काढून आत जायचं. सून हॉटेलात थांबली होती; पोरानं तीन तिकिटं आणली, एक त्याचं, एक माझ्या नातीचं, एक माझं.

मी म्हणालो, "ते मला पैसे देत होते तेव्हा उतरलो. आता मी पैसे देऊन उतरू?"

"बाबा, आपण फिरायला आलोय, ड्यूटीवर नाही."

"तुम्ही दोघंही जायचं नाही."

नात नऊ वर्षांची. ती म्हणाली, "आबा, सगळे किड्स जातात. इट्स टोटली सेफ." आणि तिथं मिळालेली डोक्यावरची कडक टोपी ठोकून दाखवली.

पोरगा जवळ आला. हळू म्हणाला, "मी कधीच पाहिलं नाही, बाबा. तुम्ही काय करत होता ते एकदा पाहू द्या ना."

"ते तुला दिसू नये म्हणून तर उतरलो."

त्यानं वाकून पोरीच्या टोपीचा पट्टा नीट केला आणि तिचा हात धरून छोट्या गाडीत बसला. गाडी आत गेली. शपथ मोडली ती अशी, घंटी वाजवत, फोटो काढत.

मी तोंडाशी बाकावर बसून राहिलो. बाहेर सगळं गोठलेलं आणि खाणीच्या तोंडातून ऊबदार वाफ येत होती, तोच वास घेऊन. तिकीट देणारी म्हातारी बाहेर आली, आत बोट दाखवून म्हणाली, "माय हसबंड." मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मी टू." आम्हा दोघांचं इंग्रजी तिथंच संपलं. ती शेजारी बसली.

मला काहीच वाटत नव्हतं. भीती नाही, राग नाही. डोंगर पाहत होतो आणि तो दिसत नव्हता. आमच्याकडं अवेळी भोंगा झाला, म्हणजे खाली काही घडलं, की वस्तीतल्या बाया रडत फाटकाशी धावायच्या. माझी बायको कधी आली नाही. मी वर यायचो, घरी जायचो, तर ही भाकरी थापत बसलेली, मान वर न करता म्हणायची, हात धुवा. मला वाटायचं, हिला काही वाटतच नाही. बाकावर बसलो तेव्हा कळलं की जिवाचं माणूस खाली असलं की आतलं सगळं असंच बंद पडतं, आणि हात तेवढे आपलं काम करत राहतात. हे तिला सांगायला हवं होतं. आता कोणाला सांगणार.

गाडी बाहेर आली. नात धावत आली. "आबा, त्यांनी लाइट ऑफ केला. मला माझा हँडपण दिसला नाही." पोरानं टोपी काढली, केस कपाळाला चिकटले होते. माझ्याकडं न बघता म्हणाला, "किती वर्षं, बाबा?"

म्हणालो, "लागली तेवढी."

त्यानं माझी कानटोपी ओढून खाली केली, लहान पोराची करतात तशी. मी करू दिली.

संध्याकाळी तो सांगत होता, ते बोगदे डोंगराखालून पार पलीकडं गेलेत. ज्या उतारावर माणसं घसरतात तो आतून पोकळ आहे. दुसऱ्या दिवशी नात त्याच उतारावर घसरायला शिकली. पडली, उठली, पुन्हा पडली, हसली. मी खाली उभा राहून पाहत होतो. चांदी केव्हाच संपली, बर्फही उन्हाळा लागला की जातो. माणसानं हातानं कोरलेली जागा तेवढी आत तशीच राहते, आणि तिच्यावरून पोरं खेळत निघून जातात. त्यांना खालचं कळायला नको, असंच मला अजून वाटतं. पण एकाला कळलं आहे, आणि ते आता मला परत घेता येत नाही.