मागच्या सीटवर बाबा

मंडळी, सकाळपासून मन थाऱ्यावर नाही.

पिंगुळीची माझी आत्या शेवटच्या आजारात आहे. आज बाबांना, तिच्या मोठ्या भावाला, भेटीला घेऊन निघाले.

आमची नवी इलेक्ट्रिक गाडी जुन्या पेट्रोल गाडीचंच मॉडेल. बाहेरून काही फरक नाही. पण बॅटरी पायाखाली बसवल्यामुळे आतला तळ वर आलाय, सीट मात्र तिथेच. बसलं की गुडघे वर येतात, आणि बाबांचे गुडघे आधीच धरलेले.

वाटेत चौके गावाच्या पुढे बाबा कळवळले, "बाय, थांबव गो. माका सोसणा नाय."

पुढच्या सीटवर बसवलं, तरी तेच. शेवटी म्हणाले, "घराक चल."

घरी येऊन आत्याला फोन लावला. क्षीण आवाजात तिने विचारलं, "दादा खंय पोचलो गो?" मी फोन बाबांपुढे धरला. त्यांनी मान फिरवली.

उद्या भाड्याची गाडी करून नेणार आहे. उद्यापर्यंत आत्या असेल ना, हा विचार डोक्यातून जात नाही.

गाडी घेताना चालवून मीच बघितली आणि आवाज नाही म्हणून खूश झाले. बाबांना आत बसवून बघायचं सुचलंच नाही. तुम्हाला सुचलं होतं का?