सुगंधाबाईकडे ठेवलेलं सोनं

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली. आता तुम्हाला सांगतो — तुम्हालाच का, ते विचारू नका.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपुरात एका आयकर वकिलाकडे मी मदतनीस होतो. आमचे एक अशील संत्र्यांचे बडे व्यापारी — मी त्यांना मालक म्हणायचो. रामदासपेठेत बंगला, नरखेडकडे बागा. धाड पडणार अशी कुणकुण लागली आणि त्यांनी मला बोलावून घेतलं. घरातलं सोनं कुठे हलवायचं? मीच म्हणालो, सुगंधाबाईकडे. ती त्यांचं अंगण झाडायची, कपडे धुवायची. यायची मागच्या दाराने. तिचा चहाचा कप नळाजवळच्या कोनाड्यात वेगळा असायचा. तिच्या झोपडीत सोनं शोधायला कोण जाणार? काय हुशार वाटलो मी स्वतःला! तिच्या नवऱ्याच्या विडीवरही कर होता आणि तो मुकाट भरत होता — हे डोक्यात आलंच नाही.

धाड आली. गाद्या उसवल्या, गोठा खणला. सुगंधाबाई झाडत होती. साहेबांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं, बस.

चार दिवसांनी मी सोन्याची पेटी आणायला तिच्याकडे गेलो. दीक्षा घेतलेलं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोठीमागे पेटी. मी उचलायला वाकलो, तर तिने हात आडवा केला.

"आंधी उघडून पाहून घ्या जी भाऊ, मंग न्या. उद्या काही कमी निंगालं तं आमचंच नाव येते."

मी उघडली. सगळं पाहिलं. मोत्यांची नथ लाल फडक्यात होती — ते फडकं मीच पुन्हा गुंडाळलं.

रिक्षात पेटी माझ्या मांडीवर होती. बंगल्यावर मालकीणबाईंनी ती आत येऊ दिली नाही. त्या घरातून आलेलं सोनं देवघरात तसंच कसं न्यायचं? मागच्या मोरीवर, गोमूत्र घातलेल्या पाण्यात त्यांनी एकेक दागिना धुतला, फडकी झटकली. आत नेऊन पाहतात तर नथ नाही. मी जवळच उभा होतो. मोरीत बघा — एवढे दोन शब्द. पण त्यांच्या सोवळ्यानेच नथ घालवली, हे त्यांच्या तोंडावर कोण बोलणार? त्यांनी सुगंधाबाईचं नाव घेतलंसुद्धा.

तक्रार देता येत नव्हती. जे सोनं सरकारदरबारी नव्हतंच, त्याची चोरी कशी नोंदवायची? मालकांनी नुसता पोलिसांतल्या ओळखीच्या साहेबाला फोन केला. नोंद नाही म्हणजे अटक नाही, कोर्ट नाही — मग सुटका तरी कशी मागायची? दुपारी जीप वस्तीच्या तोंडाशी उभी राहिली. ज्या घरात सोनं शोधायला कोणी फिरकलं नव्हतं, तिथे चोर शोधायला मात्र सगळे सरळ गेले.

तिच्या नवऱ्याला, किसनला, नेलं. मलाही चौकीत बोलावलं. आतून आवाज येत होते. सुगंधाबाई दाराशी बसली होती. मला पाहून ती उठली — हो, आनंदाने उठली.

"सांगा ना जी भाऊ यायले. तुमी पाह्यली होती ना?"

मी म्हणालो, पेटी मी उघडलीच नव्हती.

ती पुन्हा खाली बसली. आतले आवाज थांबले नाहीत. किसनचा उजवा हात पुढे कधी मिटलाच नाही; गिरणीतलं मागावरचं काम गेलं.

दिवाळीच्या साफसफाईत नथ मोरीच्या जाळीखाली सापडली. मालकांनी मला हसत हसत सांगितलं. मीही हसलो. तिला कोणी सांगितलं नाही — मीही नाही. पुढे मालकांच्या शब्दावर माझं काम वाढलं, प्रतापनगरात घर झालं. तेव्हा घाबरलो होतो, असं म्हणू? दिवाळीनंतर कसली भीती होती?

आता सुगंधाबाई आणि किसन, दोघंही नाहीत. त्यांच्या मुलाचे केस पिकलेत. मध्ये त्या वस्तीवरून जाताना कोणीतरी त्याला हाक मारली — "अबे ए, नथचोराच्या!" तो सवयीने वळला. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. मी चालू लागलो.