पहिली मूठ तांडेलची

लोक दारूला शिव्या घालतात, तंबाखूला घालतात. मी फरसाणाला घालतो. ऐकणारे हसतात. हसू देत. ज्या माणसाच्या मिठावर आपण उभे राहिलो त्याचा पाय मूठमूठ फरसाणापायी जाता जाता राहिला, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना हसायला काय जातंय?

मी जतकडचा. शाळा आठवीत सुटली. अठराव्या वर्षी गावातल्या दहा जणांबरोबर आंब्याच्या पेट्या भरायला रत्नागिरीला आलो. हंगाम संपला, बाकीचे परत गेले आणि मी तापाने फणफणून बंदरावर जाळ्यांच्या ढिगावर पडून राहिलो. ती जाळी ज्यांच्या बोटीची होती ते तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, सगळ्या खलाशांचे मुख्य. त्यांनी मला पायाने हलवून पाहिलं, "जिता हाय" म्हणाले आणि घरी नेलं. त्यांच्या बायकोने, काकीने, आठ दिवस पेज पाजली. गाव कुठलं ते नवव्या दिवशी विचारलं. पावसाळा सरून बोटी सुटल्या तेव्हा तांडेल म्हणाले, "पोहता येतं?" म्हटलं, नाही. "भात येतो शिजवायला?" म्हटलं, येतो. "मग बस बोटीत. बुडालास तर भातासकट बुड."

तेव्हापासून बारा वर्षं मी त्या बोटीचा स्वयंपाकी. अजून लाट मोठी आली की मी दोन्ही हातांनी दोर धरतो, पण परत जायचा विचार मनाला शिवलेला नाही. मला भीती होती ती एकच. बोटीवर तांडेल बदलला की माणसं बदलतात. नवा तांडेल आपली माणसं घेऊन येतो, जुन्यांना कोणी विचारत नाही. तांडेलांचा समुद्र संपला की माझी रत्नागिरी संपली, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आठ-नऊ दिवसांच्या फेरीचा शिधा भरायचं काम माझं. तांदूळ, तेल, कांदे-बटाटे घेतले की दुकानदार न विचारता पुढचं काढायचा: खारी, टोस्ट, पाच किलो फरसाण आणि दोरीला टांगलेल्या त्या चकचकीत पाकिटांच्या माळा. त्या माळा मी गळ्यात घालून बंदरावर यायचो. खलाशी ओरडायचे, "नवरदेव आला रे!" मीही हसायचो. आज त्या हसण्याचा मला राग येतो. एक फेरी नाही, दोन नाहीत, बारा वर्षं मीच ते विष गळ्यात घालून आणलं आणि वर मिरवलं.

बोटीवर भूक वेळेवर लागत नाही. जाळं ओढायचं, मासळी निवडायची, बर्फात घालायची, परत जाळं सोडायचं. मधल्या वेळात गोड चहा आणि त्याच्याबरोबर हाताला लागेल ते. हात खारट, ओले, त्यामुळे पाकीट फाडून तोंडात ओतणं सोपं. तांडेल तर दिवसभर सुकाणूपाशी. जेवण त्यांचं चिमणीचं, पण चरणं बैलाचं.

मग त्यांच्या अंगठ्यात शिंगाळ्याचा काटा घुसला. हा मासा मेला तरी त्याचा काटा जिवंत असतो असं खलाशी म्हणतात. चपलेतून आरपार गेला. तांडेलांनी काटा उपटला, त्यावर डिझेल ओतलं आणि सुकाणू धरलं. चार दिवसांनी अंगठा काळानिळा, आणि हे म्हणतात, "दुकत नाय, म्हंजे बरा हाय."

रत्नागिरीतल्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, साखर पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. "दुखत नाही हीच तर भीती आहे," त्या म्हणाल्या. गोळ्या लिहिल्या, रोजची मलमपट्टी सांगितली, पंधरा दिवस घरी बसवलं. त्यानंतर पुन्हा पाहून म्हणाल्या, "माझं ऐकाल तर अजून जाऊ नका. जाणारच असाल तर बूट घालून जा, आणि चहातली साखर, तळलेलं, पाकिटातलं, बेकरीचं सगळं बंद. परत याल तेव्हा जखम भरलेली दिसली नाही तर अंगठा काढावा लागेल. कदाचित त्याच्या पुढेही."

अंगठा नसलेला माणूस डोलत्या फळीवर उभा राहू शकत नाही. हे डॉक्टरबाईंनी सांगायची गरज नव्हती.

बाहेर आल्यावर काकीने मला धरलं. तांडेलांना नाही, मला. "तूच घालतोस ना त्यांच्या तोंडात? आता तूच काढायचं. परत आणलेस ते असे आणलेस तर दारात उभा करायची नाय तुला." साखर मोजायचं छोटं यंत्र तिने माझ्या हातात कोंबलं.

मी आईला फोन केला. आमच्याकडे मधल्या वेळचं खाणं म्हणजे ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, शेंगदाणे. आईने एसटीने पार्सल पाठवलं, पांढऱ्या कापडाच्या पिशवीत, तोंडाला सुतळी. "कापडातच ठेव," म्हणाली, "हवा लागली की कुरकुरीत राहतात." आमच्या गावात ते खरंच आहे. तिकडची हवा तहानलेली असते, दिसेल त्यातलं पाणी पिऊन टाकते. मी मूर्ख, बारा वर्षं समुद्रावर काढूनही आईच्या शब्दावर गेलो आणि ती पिशवी बोटीतल्या चुलीच्या वर खिळ्याला टांगली.

फेरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला तांडेलांच्या पुढे वाटी ठेवली. त्यांनी मूठ तोंडात टाकली आणि चावायचे थांबले.

"घाट्या, ह्ये काय? कापूस?"

लाह्या पार सादळून गेल्या होत्या. फुटाणे चामड्यासारखे. खलाशांना तेवढंच पाहिजे होतं. एक म्हणाला, "उशीत भर तांडेलच्या, झोप तरी लागंल." दुसरा म्हणाला, "घाटावर ह्ये बैलाला घालतात. बैलानं शिंग मारलं म्हणून आमच्याकडं आलंय." तांडेलांनी वाटी समुद्रात उपडी केली. मासे वर आले, त्यांनी हुंगलं आणि गेले. त्यावर तर बोट हलेपर्यंत हसले सगळे.

माझ्या आईने चुलीपुढे बसून फोडलेल्या लाह्या होत्या त्या. राग आला, पण गिळला. निदान निघताना काकीला दिलेलं पथ्याचं वचन तांडेल पाळत होते, असं वाटत होतं. ह्या फेरीला फरसाण मी आणलं नव्हतं आणि त्यांनीही विकत घेतलं नव्हतं. काकीच्या गळ्याची शप्पत घेऊन सांगायचे, "माज्याजवळ एक पुडी नाय, बघ झडती घेऊन." बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं करून प्यायचे. जेवणात भात कमी, मासळी जास्त. गोळ्या वेळेवर.

आणि तरी साखरेचा आकडा खाली येईना. रोज सकाळी मी त्यांच्या बोटाला सुई टोचायचो आणि आकडा तिथल्या तिथे. पट्टी सोडली की जखम ओली. चौथ्या दिवशी जयगडच्या समोर फोनला रेंज आली तशी काकीने विचारलं, "कसा हाय अंगठा?" मी म्हटलं, "बरा आहे." खोटं बोललो आणि केबिनच्या मागे जाऊन उलटी केली. लाटेने नव्हे, भीतीने. मी काय चुकतोय तेच कळत नव्हतं.

कळलं ते त्याच दिवशी. जाळं वर आलं होतं, सगळे फळीवर बसून मासळी निवडत होते. चहा दिला. मी माझ्यासाठी ठेवलेला बिस्किटांचा पुडा फोडला, आणि मला कळायच्या आत माझा हात लांब झाला. तांडेलांच्या पुढे. त्यांनीही न बघता दोन बिस्किटं उचलली.

तो माझाच हात होता.

बोटीवर एक रीत आहे. काहीही फोडलं, मग बिस्किटाचा पुडा असो, चण्याची पुडी असो, की घरून आलेला लाडवांचा डबा, पहिली मूठ तांडेलची. कोणी शिकवत नाही. नवा खलाशी दुसऱ्यांचं बघून चार दिवसांत शिकतो. आणि तांडेलनेही नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं तर देणाऱ्याला वाटतं, तांडेलचं आपल्यावर काहीतरी बिनसलंय, आणि तो फेरीभर धड काम करत नाही. मी डोकं वर करून पाहिलं. एकाने शेवेचं पाकीट फाडलं, हात तांडेलांकडे. दुसऱ्याने वेफर फोडले, हात तांडेलांकडे. शिध्यात मी आणलं नाही म्हणून सगळ्यांनी आपापल्या माळा आणल्या होत्या. सहा खलाशी आणि सातवा मी. दिवसातून चार चहा. पूर्वी एका डब्यातलं खायचे, आता सात ठिकाणांहून पहिली मूठ. झडती घेतली तर खिशात एक पुडी नाही, शप्पतही खरी, आणि पोटात दुकान.

माझं डोकं फिरलं. शांत स्वभावाचा, भित्रा माणूस आहे मी, पण त्या क्षणी कोण अंगात आलं माहीत नाही. मी सगळ्यांच्या पिशव्या उपसल्या, उशांखालच्या, इंजिनाजवळच्या, जाळ्यांच्या मागच्या. मासळीचा रिकामा क्रेट ओढला आणि एकेक पाकीट फाडून त्यात ओतलं. शेव, वेफर, कुरकुरीत नळ्या, फरसाण, सगळं. क्रेट नेऊन बोटीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला ठेवला, जिथे वारा आणि तुषार थेट लागतात. आणि कोयता घेऊन शेजारी उभा राहिलो.

"ए घाट्या, याड लागलं काय?"

"उचलून टाकू काय रे ह्याला?"

"टाका," मी ओरडलो. "माझ्या लाह्यांना हसलात ना? आता बघा तुमच्या पाकिटातला माल किती वेळ मर्द राहतो ते. एक तास. त्यानंतर ज्याला खायचं त्याने खा."

तांडेल लंगडत पुढे आले. बारा वर्षांत त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. "कोणाला विचारून केलंस?"

"तुमच्या अंगठ्याला विचारून," मी म्हटलं. मग बांध फुटला. "तुम्हाला नाही म्हणवत नाही, ह्यांना द्यायचं थांबवत नाही, आणि काकीच्या दाराबाहेर राहायचं मी! तुम्ही घरी बसलात तर ह्यांना दुसरी बोट मिळेल, पोहता येतं ह्यांना, जाळं विणता येतं. मला काय येतं? भात! मला ह्या गावात तुम्ही आणि काकी सोडून आहे कोण? आणि तुम्ही सगळे, मान देताय म्हणे. हा मान नाही, एकेक मूठ करून तुम्ही त्यांना पुरताय!"

वारा तेवढा क्रेटवरून जात होता. तासाभराने सगळ्यात थोराड खलाशाने जाऊन एक वेफर उचलला. तो तुटला नाही, नुसता वाकला. त्याने तो तोंडात घातला, चघळला आणि थुंकला. "तेल आणि ओली माती," तो म्हणाला. कुरकुर होती तोवर कोणाला ती चव कळली नव्हती.

तांडेल माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. मी मात्र कढईत जाड मीठ तापवून चहाच्या प्रत्येक वेळेला शेंगदाणे आणि ते चामडं झालेले फुटाणे नव्याने भाजले. गरम असतानाच सगळ्यांना वाटून टाकायचे, उरवायचे नाहीत. इथे ठेवलेलं सगळं सादळतं. निवडताना बाजूला पडणारी बारीक मासळी हळद-मीठ लावून तव्यावर कोरडी भाजली. पहिली मूठ तांडेलांचीच. रीत मोडायची ताकद माझ्यात नाही, मुठीत काय असावं ते माझ्या हातात होतं. खलाशी शिव्या देत खायचे. खायचे पण.

फेरी संपायच्या आत आकडा उतरू लागला. परतल्यावर डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली, दाबून पाहिलं. तांडेल ओरडले, "आई गं!" बाई हसल्या. "दुखलं? छान." नख गेलं, अंगठा राहिला. गोळ्यांनी राहिला, पट्टीने राहिला, हे मला मान्य आहे. पण मी फरसाणाला माफ केलेलं नाही. त्या दुकानासमोरून जाताना अजून दात खातो. माळा तशाच लटकतायत, आणि कोणीतरी त्या गळ्यात घालून हसत चाललेला असतो.

गेल्या महिन्यात एक नवा खलाशी आला. पहिल्याच चहाला त्याने खिशातून शेवेचं पाकीट काढलं, फाडलं आणि इतरांकडे बघून शिकलेला हात तांडेलांपुढे केला. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी तोंड उघडणार तेवढ्यात तांडेलांनी मूठ भरून घेतली, मान हलवली आणि सुकाणूकडे वळले. एवढं सगळं करून पुन्हा तेच? फेरीभर मी त्यांच्याशी धड बोललो नाही.

बंदराला लागलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी काकीने हाक मारली. हाक कसली, वीज. तांडेलांचा ओला शर्ट हातात घेऊन दारात उभी होती. खिसा उलटा केलेला, त्यात पिवळं तेलकट गिच्च पीठ, आणि खालपर्यंत डाग.

"ह्ये काय हाय? तुला ठेवलाय कशाला बोटीवर? तुझ्या डोळ्यांदेखत शेव खातात ते! तीन वेळा साबण लावला, ह्यो डाग जातोय काय बघ!"

मी तो खिसा बघतच राहिलो.

"काकी," मी म्हटलं, "खाल्ली असती तर खिशात कशी राहिली असती?"

तिने खिशातलं पीठ बोटाने चाचपलं. मग आत बघून दुप्पट आवाजात ओरडली, "अवो, मग कागदात तरी बांधायची! मी घेतलेला नवीन शर्ट!"