देवीदासनं नाकारलेली भूमिका

देवीदासची कुणी स्तुती केली की तो चिडायचा, आणि स्तुती करणाऱ्याचा अपमान करायचा. लाखांदूरजवळच्या आमच्या नाटकमंडळात तो खलनायक करायचा, मी नायिका. एकदा तालमीनंतर गावातल्या मास्तरांनी त्याचा आवाज वाखाणला. देवीदास म्हणाला, "मले कायले चढवून राहिले, मास्तर? तुमाले नाटकातलं काय समजते?" मास्तर पुन्हा तालमीला फिरकले नाहीत. लोक याला देवीदासचा साधेपणा म्हणायचे. मला तो माजच वाटायचा.

नायकाचं काम देऊ केलं की त्याचा घसा बसायचा. "आपन साईडचे मानूस," हे त्याचं ठरलेलं. पण नायक झालेल्या प्रत्येकाच्या चुका तो टपरीवर चवीनं सांगायचा.

एका वर्षी नाटकांच्या हंगामाआधी वडशाच्या मोठ्या नाटक कंपनीच्या मालकानं आमची तालीम पाहिली आणि आम्हा दोघांना नायक-नायिका म्हणून बोलावलं. मी हातातली शिलाईची कामं परत केली, सासूला कशीबशी राजी केली. ठरल्या सकाळी एसटी स्टँडवर पोचले, तर देवीदास बाकावर रिकाम्या हातानं बसलेला. मालकाला त्यानं आदल्या दिवशीच फोन केला होता. आम्ही दोघंही येत नाही, बाईला घरून परवानगी नाही, असं सांगून मोकळा झाला होता.

"काहून केलं असं?" मी विचारलं.

तो रस्त्याकडे पाहत म्हणाला, "तिथं पडलो असतो तं गावात परत येता आलं असतं. पन जमलं असतं तं? रोजच तेवढं चांगलं करा लागलं असतं. माह्यात तेवढं नाही. एक ना एक दिवस लोकाइले दिसलंच असतं."

"तुह्यात नाही. मंग माह्यं काहून तोडलं?"

"तू एकटी गेली असती, तं लोकं मले हासले असते."

त्याचे डोळे भरले होते. मला दया आली नाही, आजही येत नाही. मी एकटीच बसमध्ये चढले. तोवर मालकानं दुसरी नायिका घेतली होती. मला नायकाच्या आईचं काम मिळालं, ते मी केलं. नायिका व्हायला पुढे बरेच हंगाम गेले.

गेल्या उन्हाळ्यात देवीदास वारला. शोकसभेत जो तो उठून म्हणत होता, संधी मिळाली असती तर मोठा नट झाला असता. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "संधी मिळाली होती. त्यानं स्वतःची टाकली, अन् माझीही."

कुणीतरी मला खाली बसायची खूण केली. पुढे बसलेली त्याची बायको पदर सारखा करत म्हणाली, "बोलू द्या तिले. खरं बोलून राहिली."