सहाव्या मजल्यावरची पावलं

मी मुळात भित्री बाई. सगळा जन्म समुद्राकाठी गेला, तरी उत्तरेचा वारा सुटला की मी आधी दारं-खिडक्या लावून घेते. आमच्या या रुशानच्या किनाऱ्यावर वारा काही नुसता येत नाही, बर्फ घेऊन येतो. त्यातून आमची कॉलनी म्हणजे उन्हाळ्यात पाय ठेवायला जागा नाही आणि हिवाळ्यात काळं कुत्रंही दिसत नाही. बीजिंग-हार्बिनच्या लोकांनी समुद्र दिसतो म्हणून स्वस्तात घरं घेऊन टाकली आहेत. दिवाळं निघालेल्या दुकानांसारखी ती आठ-नऊ महिने बंद असतात. हिवाळ्यात राहणारे इतके थोडे की घरं उबदार ठेवणारे गरम पाण्याचे नळही कुणी चालू करत नाही. अशा कॉलनीच्या फाटकाशी माझं, म्हणजे सोंगबाईचं, पार्सलांचं दुकान आहे. कुरिअरवाले गठ्ठे टाकून जातात आणि लोक येऊन घेऊन जातात. म्हणून कोण जागेवर आहे आणि कोण नाही, हे मला बिनचूक कळतं.

कळत नाही ते फक्त काही न मागवणाऱ्यांचं. मागच्या हिवाळ्यात तीन नंबरच्या इमारतीत एक निवृत्त मास्तर घरातल्या घरात गेले आणि बर्फ वितळेपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. मास्तर कधी काही मागवायचेच नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येकाला बजावते, बाबांनो, काही तरी मागवत जा, निदान मिठाची पुडी.

चू लान आली तेव्हा तिलाही हेच सांगितलं. सात नंबरच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर तिनं घर घेतलं भाड्यानं. त्या अख्ख्या इमारतीत हिवाळ्यात ती एकटी. एवढीशी पोर, चष्मा नाकावर घसरलेला, अंगात ढगळ कोट.

"पोरी, तुला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना मावशी. पण शांघायमध्ये भाड्याची जास्त वाटायची."

शांघायची एक कंपनी तिला काम द्यायची. मालिकांखाली जी अक्षरं येतात ती मशीन लिहितं, आणि मशीननं केलेले घोटाळे ही घरी बसून निस्तरायची. कंपनीनं तिच्या कॉम्प्युटरमध्ये एक हेर बसवला होता. माउस थोडा वेळ हलला नाही की तिच्या नावापुढचा हिरवा दिवा पिवळा व्हायचा आणि पगार कापला जायचा. स्वयंपाकघरात जायचं झालं तरी ही बिचारी माउस हातात घेऊन जाते की काय, असं वाटायचं मला.

दुसरा हेर होता आईचा. आई तिकडे दक्षिणेत, च्यांगशीच्या डोंगरात. एकटीनं संत्र्यांची बाग सांभाळून लेकीला शिकवलेलं. लेक शांघायच्या काचेच्या इमारतीत बसते, असं तिनं गावभर सांगितलेलं. ती नोकरी सुटली आणि लेक या ओसाड किनाऱ्यावर येऊन राहिली, हे तिला ठाऊकच नव्हतं. फोनवर कुणी दिवसभरात किती पावलं चालला त्याचा आकडा ओळखीच्यांना दिसतो ना, तो आई रोज संध्याकाळी बघायची. आकडा कमी दिसला की फोन वाजलाच.

"आज सातशेच पावलं? ताप आहे का तुला? ऑफिसला गेली नाहीस?"

असा फोन आला की चू लान जिना उतरून धावत माझ्या दुकानात यायची. कारण तिथे पार्सलं तपासायचं यंत्र पीं पीं करतं, माणसं बोलतात, ऑफिस वाटतं. मला खुणेनं सांगायची आणि मी मोठ्यानं म्हणायची, "लान, ती फाइल दे गं इकडे!" आमचे राखणदार वेई काका हसून हसून खोकायचे. साठ वर्षांचा माणूस, जन्म बोटीवर गेलेला, ते म्हणायचे, "सोंगबाई, बढती मिळाली की तुला! आता पगार पण माग."

फोन ठेवला की चू लान माझ्या स्टुलावर धपकन बसायची. मी माशाचं सारण भरून उकडलेल्या करंज्या तिच्यापुढे ठेवायची. ती त्यावर चमचाभर लाल मिरचीची चटणी ओतायची आणि घाम पुसत खायची. ही चटणी तिच्या मुलखाची, ती आठवड्याला एक बरणी मागवायची. चटणी आली असा निरोप गेला की पोरगी सहा जिने उतरून लगेच हजर.

"सांगून का टाकत नाहीस आईला?" मी एकदा विचारलं.

"तिनं माझ्यासाठी काय काय विकलंय, तुम्हाला माहीत नाही मावशी. शांघाय सुटलं म्हटलं तर ती मरेल."

"आया अशा मरत नसतात."

"माझी मरेल," ती म्हणाली आणि पुन्हा खाऊ लागली.

नंतर नंतर आईचे फोन कमी झाले. मी सहज फोनमध्ये पाहिलं तर चू लानचा आकडा रोज आठ हजारांच्या वर. मला बरं वाटलं. म्हटलं, पोरगी समुद्रावर फिरायला लागली वाटतं.

थंडी ऐन भरात आली तेव्हाची गोष्ट. दोन दिवस असा बर्फ पडला की फाटक उघडायला फावडं लागलं. चटणीची बरणी येऊन पडली होती. मी निरोप धाडला, उत्तर नाही. म्हटलं कामात असेल. दुसऱ्या दिवशीही बरणी तिथेच. माझं मन कसंनुसं झालं. फोन लावला तर वाजून वाजून बंद पडला. पण पावलांचा आकडा बघावा तर आठ हजार तीनशे! आणि मी बघत असतानाच तो वाढला.

"बघा काका, ही चालतेय आणि माझा फोन घेत नाही."

"मग रुसली असेल. तू परवा तिला लग्नावरून बोललीस ना?"

"मी फक्त वय विचारलं!"

"तेच ते," काका म्हणाले.

मी बरणी परत फळीवर ठेवून दिली. पण दुपारी काकांबरोबर वाट मोकळी करायला बाहेर पडले, आणि सात नंबरच्या दाराशी आल्यावर माझे पाय तिथेच थिजले. दारापुढे बर्फ गुडघाभर, आणि अगदी कोरा. मांजराचं पाऊलसुद्धा नाही. इमारतीला दार हे एकच. खिशातून फोन काढला. आठ हजार नऊशे.

खरं सांगते, अंगावर सर्रकन काटा आला. बाहेर कुणी पडलेलं नाही आणि आत कुणीतरी हजारो पावलं चालतंय. मला मास्तर आठवले. आमच्याकडे म्हणतात, एकटं गेलेल्या माणसाला आपण गेलो हे कळत नाही, ते घरातल्या घरात फिरत राहतं. काकांना हे सांगितलं असतं तर त्यांनी वर्षभर मला चिडवलं असतं. पण त्यांचा चेहराही काही बरा दिसत नव्हता.

आम्ही दार मोकळं करून वर चढलो. जिन्यातले दिवे पायांच्या आवाजानं लागायचे आणि लगेच विझायचे. एकेका मजल्यावर कुलपं, दारांवर मागच्या नवीन वर्षाच्या शुभेच्छांचे फाटलेले लाल कागद. सहाव्या मजल्यावर पोचलो आणि दोघंही श्वास रोखून उभे राहिलो. आतून आवाज येत होता. टक, टक, टक, टक.

"हे बघ, चालतेय ती," काका कुजबुजले.

मी दार ठोठावलं. "लान! अगं लान, मी सोंगमावशी!"

टक, टक, टक. थांबेना की अडखळेना. जिवंत माणूस दार वाजल्यावर क्षणभर तरी थबकतो. हे थबकलंच नाही. मी काकांच्या कोटाची बाही जी धरली ती सोडलीच नाही.

दाराला आकडे दाबायचं कुलूप. आकडे घरमालकिणीला ठाऊक, आणि ती हार्बिनला. फोन लावला तर तिचं वेगळंच.

"भाडेकरूच्या घरात मी कुणालाही कशी सोडू? मला दिसतंय ना, आज आठ हजारांवर चालली आहे ती. तुम्ही माणसाला घरात फिरूसुद्धा देत नाही का?"

"ताई, दारापुढच्या बर्फात एक पाऊल नाही!"

"मग घरात चालत असेल. ताकीद देऊन ठेवते, वस्तू हरवली तर—"

मग मात्र माझा तोल गेला. "अहो, मागच्या वर्षी तीन नंबरात मेलेला माणूस निघाला! त्या घराला आजतागायत गिऱ्हाईक नाही! तुमच्या घराचं तसं करायचंय का?"

तिनं तत्क्षणी आकडे सांगितले.

दार उघडलं. आत कुणी नव्हतं. टेबलावर कॉम्प्युटर चालू. माउसखाली एक छोटीशी थाळी गोल गोल फिरत होती, आणि चू लानच्या नावापुढचा दिवा हिरवागार. कपाटावर, चार्जरला लावलेल्या पाळण्यासारख्या एका यंत्रात तिचा फोन डावीकडे-उजवीकडे झुलत होता. टक, टक. फोनला वाटत होतं बाई चालतेय. घरात सगळं हलत होतं, फक्त माणूस नव्हतं.

"समुद्रदेवी!" काका म्हणाले आणि बाल्कनीकडे धावले.

बाल्कनीचं सरकतं काचेचं दार लावलेलं. त्याच्या पलीकडे फरशीवर, वाळत घातलेल्या रजईत गुंडाळलेली ती पडली होती. ओठ निळे. त्या काचबंद बाल्कनीच्या खिडकीच्या फटीत कागद कोंबायला स्टुलावर चढली, स्टूल सरकलं आणि कंबरेचं हाड मोडलं. खोलीतली ऊब जाऊ नये म्हणून दार तिनंच मागे ओढून घेतलेलं. वीतभरही सरकता येईना. दोरीवरची रजई कशीबशी ओढून घेतली आणि त्याच फटीतून आत आलेला बर्फ चोखून राहिली. ओरडली असणारच, पण बाल्कनी समुद्राकडे, तिथे ऐकायला कोण.

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिनं डोळे उघडले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. काचेतून कपाटाकडे बघत राहिली.

"बंद करा ते," एवढंच म्हणाली. "मावशी, ते बंद करा." काकांनी आत जाऊन पाळण्यातला फोन काढून घेतला.

तिला दोन रात्री ते दिसत होतं. आई तिकडे आकडा बघून निवांत झोपत असेल, हे तिला कळत होतं. नंतर तिनं मला सांगितलं की थंडीची नाही, दुखण्याची नाही, तिला त्या यंत्राचीच भीती वाटत होती. आपण मेलो तरी ते चालत राहील आणि आई म्हणेल, पोरगी बरी आहे.

रुग्णवाहिकेला बर्फातून यायला फार वेळ लागला. तोवर मी तिचे हात चोळत होते, काका तिच्या अंगावर घरातले सगळे कपडे टाकत होते, आणि कॉम्प्युटरवर कुणा साहेबाचा निरोप येऊन पडला की या आठवड्यात हजेरी उत्तम. काकांनी जी शिवी दिली ती मी इथे लिहीत नाही.

तिच्या आईला फोन मला करावा लागला. पलीकडून पहिल्याच शब्दाला ओळख पटली.

"ऑफिसातल्या ना तुम्ही? फाइल मागता त्या? लान मीटिंगमध्ये आहे का?"

काकांनी फोन घ्यायला हात पुढे केला, पण मी दिला नाही. जे होतं ते सांगितलं, रुशान, सहावा मजला, हाड, सगळं. मग ती म्हणाली, "पण काल ती नऊ हजार चालली. मी स्वतः बघितलं."

ती तीन गाड्या बदलून आली. अंगानं वाळलेली, हातात संत्र्यांचं पोतं. लेकीला ओरडेल म्हणून मी मध्ये पडायच्या तयारीनंच दवाखान्यात बसले होते. ती काही ओरडली नाही. शांघायबद्दल एक प्रश्न विचारला नाही. शस्त्रक्रिया झाली होती, धोका टळला असं डॉक्टर सांगून गेले होते, तेही तिनं ऐकलं न ऐकलंसं केलं. लेकीच्या पायांवरचं पांघरूण बाजूला करून तळवे दोन्ही हातांत धरले आणि नुसती बघत राहिली.

लान डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "आई, माझा फोन या खाटेजवळच्या कपाटात आहे, तू—"

"नको," आई म्हणाली. "तो मला दाखवू नकोस."

मी दुसऱ्या दिवशी करंज्या घेऊन गेले तेव्हा लान झोपली होती आणि आई स्टूल ओढून उशाशी बसली होती. थोडा वेळ गेला की ती पुढे वाकायची आणि लेकीच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास लागला की मागे सरायची. पुन्हा थोड्या वेळानं तेच. रात्रभर असंच चाललंय, असं शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली.

एकदा लानला जाग आली.

"आई, आहे गं मी. श्वास चालू आहे. झोप ना तू."

"तू झोप," आई म्हणाली आणि बोट तसंच धरून ठेवलं. "मला बघू दे."